नाईट ड्युटीत ख्रिस्तात कसं राहायचं?

प्रश्न: मी परळला एका हॉस्पिटलात नर्स आहे. रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घेताना ख्रिस्त माझ्यात आहे याची खात्री असते. पण रात्री दोन बेडची सलाइन एकदम संपते, नातेवाईक आवाज चढवतात, तेव्हा प्रार्थनेचं एक वाक्यही सुचत नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, अध्याय १५ मध्ये, प्रभू येशू म्हणतो, मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे, माझ्यामध्ये राहा. त्या वेळी मी त्याच्यात नसते का?

उत्तर, माहीमहून: असता, ताई. फाटा द्राक्षवेलाला जोडलेला असतो तो स्वतःच्या जाणिवेमुळे नाही. गलतीकरांस पत्र २:२० पाहा: ख्रिस्त माझ्या ठायी जगतो, असं प्रेषित पौल लिहितो, आणि तेही तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांत यहुदी नसलेल्यांनी सुंता करावी का यावरून वाद पेटलेला असताना. त्याच वचनात देहातल्या जगण्याचाही उल्लेख आहे. दुखणारे पाय त्यात आलेच.

उत्तर, भायखळ्याहून: सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबायचे. भांड्यांच्या गडबडीतही देव तितकाच जवळ आहे, असं ते मानत. मी स्वतः लोकलमध्ये 'प्रभू येशू, दया कर' एवढंच म्हणते. तुम्ही हात धुताना म्हणून बघा. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानातलं २५:३६ आहेच: मी आजारी होतो, तेव्हा तुम्ही माझ्या समाचाराला आलात, असं येशू तिथे म्हणतो. आजारी माणसाजवळ जाणं म्हणजे ख्रिस्ताजवळच जाणं.

प्रश्नकर्ती: हे फार आधाराचं वाटलं. पण ओरडणारा नातेवाईक? तोही त्यात येतो का?

उत्तर, माहीमहून: माझ्या मते येतो. बऱ्याचदा पेशंटपेक्षा तोच जास्त घाबरलेला असतो.