मराठी नोट्स एआय वाचून दाखवतं, पण ते चुकलं हे मला कळणार कसं?

माणदेशी
नमस्कार. मी टीवायबीएला आहे, विषय राज्यशास्त्र. दहावीनंतर नजर हळूहळू गेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. मोबाइलवर टॉकबॅक आणि लॅपटॉपवर एनव्हीडीए, या स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझं सगळं चालतं.

दिवाळीत ताईच्या लग्नाचा एक फोटो एआय अ‍ॅपला दाखवला. ते म्हणालं, नवरीच्या शालूचे काठ हिरवे आहेत, मागे एक बाई तोंडाला पदर लावून उभी आहे, बहुधा हसतेय. ती आमची आत्या! लग्नात मी तिच्या शेजारीच होते, पण ती हसत होती हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तो फोटो मी चार वेळा ऐकला.

म्हटलं, चला, अभ्यासाचंही भागलं. पंचायत राजच्या नोट्सची झेरॉक्स त्याच अ‍ॅपने वाचून घेतली आणि आठवडाभर पाठ केली. मग रूममेट तेच पान चाळत होती, ती म्हणाली, "अगं, ही ७३वी घटनादुरुस्ती आहे, तू ७४वी काय म्हणतेस?" ७४वी नगरपालिकांची. तीही खरीच आहे, म्हणून तर मला शंका आली नाही. त्याहून वाईट म्हणजे, पानाच्या तळाच्या दोन ओळी झेरॉक्समध्ये कापल्या गेल्या होत्या. तिथे अ‍ॅपने बोंगीरवार समितीवर स्वतःच्या दोन ओळी घातल्या होत्या. अगदी सरांच्या भाषेत!

जुनं ओसीआर (छापील अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) 'घर'चं 'धर' करायचं, 'खरे'चं 'रवरे'. कानाला खटकायचं आणि इथे घोळ आहे हे समजायचं. हे नवं चुकतं तेही शुद्ध मराठीत.

मूळ फाईल मागितली तर सर म्हणाले, "फाईल दिली की गावभर फिरते." एका क्लासची पीडीएफ मिळाली, तर तिच्यात एनव्हीडीए नुसतं "एच के के जे आर" असं बरळतं.

ज्यांना दिसत नाही ते तुम्ही लोक हे तपासता कसं? दर वेळी रूममेटला उठवायचं, तर मग अ‍ॅपचा उपयोग काय?

वेगवान
एवढं एआय आलंय, आता अडचण कसली? सगळं बोलून दाखवतं की. जरा पॉझिटिव्ह बघ.

माणदेशी
@वेगवान, पॉझिटिव्हच बघतेय दादा, म्हणून आत्याचा फोटो सांगितला. पण मागे एका अ‍ॅपवर केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, करताना ते म्हणालं, "कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावा." चौकट कुठे आहे तेच मला कळेना. अर्धा तास भिंतीकडे बघून डोळे मिचकावत होते.

बँकेतला काका
त्या डोळे मिचकावण्यावर सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, ३० एप्रिल २०२५ चा. अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि एक अंध अर्जदार कोर्टात गेले होते. डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. केवायसीचे नियम बदलायलाही सांगितलं.

आता तुझ्या प्रश्नाचं. मी जन्मांध, बँकेत २६ वर्षं काढली. आमचा अभ्यास कॅसेटवर. वाचणाऱ्या ताई कंटाळल्या की परिच्छेद गाळायच्या, तेही आम्हाला कळायचं नाही! तेव्हा फसवणूक नवी नाही, फक्त आता ती जांभई न देता होते. पुढे जॉज हे स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर आलं, पण ते विकत घेणं आपल्या खिशाचं काम नव्हतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी एनव्हीडीए सुरू केलं आणि फुकट दिलं, तेव्हा कुठे घरच्या संगणकावर बसलो.

मी काय करतो ते सांगतो. पान एआयला देताना आधी बजावतो: सारांश नको, दुरुस्ती नको, जसं आहे तसं लिही, दिसत नसेल तिथे 'अस्पष्ट' लिही आणि पानाची कड कापली असेल तर तसं सांग. तरी विश्वास ठेवत नाही. तेच पान साध्या ओसीआरमधूनही काढतो. ते शुद्धलेखनात गाढव आहे, पण मनाचं घालत नाही. दोन्हींत फरक येईल तेवढ्याच ओळी माणसाकडून वाचून घ्यायच्या. साल, कलम, समिती आली की हटकून विचारायचं. रूममेटला पूर्ण पान नको, पाच आकडे विचार. ती कुरकुरणार नाही.

(आणि तो मराठी आवाज 'चार'मधला आणि 'चाक'मधला च एकसारखाच म्हणतो का गं तुझ्याकडेही? माझी नात हसते.)

छापखाना
मी डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी करतो, ३० वर्षं झाली. 'एच के के जे आर' म्हणजे 'भारत'. थट्टा नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी कळांवर बसवलेली असतात. एच आणि के मिळून भ, पुढचा के म्हणजे काना, जे म्हणजे र, आर म्हणजे त. कागदावर सुंदर मराठी छापतं, आत मात्र इंग्रजी अक्षरंच. दिसणाऱ्याला चित्र दिसतं, तुमच्या यंत्राला आतलं ऐकू येतं. श्रीलिपीच्या जुन्या फाइलींचंही तेच, फक्त कळा वेगळ्या. आमच्याकडे अजून निम्मं काम असंच येतं. युनिकोड (ज्यात आतही मराठी अक्षरंच असतात) दिलं तर गिऱ्हाईक म्हणतं जोडाक्षरं फुटतात, आमचं जुनंच बरं. खरं सांगायचं तर याने कोणाचं अडत असेल हे आजवर डोक्यातच आलं नव्हतं.

ग्रंथालयताई
सरांना सांग, २०१२ च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायद्यातच दिव्यांग विद्यार्थ्याला वाचता येईल अशी प्रत करायची मुभा आहे. नोट्स तर त्यांच्याच. एकटी जाऊ नकोस, विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे आणि पोच घे. छापील पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात नाव नोंदव, २०१६ पासून आहे. मराठी पुस्तकं सगळी मिळतील असं नाही, पण आधी तिथे बघ.

माणदेशी
अर्ज दिला, पोच घेतली. काका, तुमच्या पद्धतीने पंचायत राजची अकरा पानं काढली, फरकाच्या ओळी निघाल्या सतरा. रूममेटने चहा पिता पिता सांगून टाकल्या. (हो, च एकसारखाच म्हणतो. 'चहा'सुद्धा.)

आज सरांनी स्वतः बोलावून पेनड्राइव्ह दिला. म्हणाले, "वर्डची फाईल आहे, आता तक्रार नको." खोलीवर येऊन उघडली. एनव्हीडीएने पहिलाच शब्द वाचला: एच के के जे आर.

छापखानावाले दादा, कन्व्हर्टर कुठला वापरता?