मदत हवी आहे: दहाने भागताना लेक शून्यच खोडते

लेक पाचवीत आहे, मराठी माध्यम. दशांश अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी छान जमते, पण १०, १००, १००० ने भागायचं आलं की गाडी अडते. काल सराव प्रश्नपत्रिकेत ४.०५ ÷ १० होतं. उत्तर लिहिलं ४.५. म्हटलं, अगं, भागल्यावर संख्या वाढली कशी? तर म्हणे, "तूच सांगितलंस ना, दहाने भागताना एक शून्य काढायचं. काढलं!"

सांगितलं होतं खरं, ४५० ÷ १० करताना. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला म्हणायचा. मग "चिन्ह डावीकडे सरकव" सांगून पाहिलं. तर ३.६ ÷ १०० चं ०.३६ येतं, कारण डावीकडचा एक अंक संपला की बाई थांबतात. पाठांतराशिवाय डोक्यात बसेल असं काही आहे का?

प्रतिसाद १
ताई, फार खोलात शिरू नका. भागाकार डावीकडे, गुणाकार उजवीकडे, जितकी शून्यं तितकी घरं, रिकाम्या घरात शून्य. रोज वीस गणितं घाला, आठवड्यात हात बसतो. परीक्षेत घड्याळ पळत असताना कोण विचार करत बसणार?

प्रतिसाद २
हात बसतो, मान्य. पण दिवाळीच्या सुट्टीत तोच हात उठतो आणि दिशा उलटी होते. प्राथमिकला आयुष्य गेलं, दरवर्षी हेच पाहिलंय.

ताई, चिन्ह हलतच नाही असं सांगा. हलतात ते अंक. एका कागदावर शतक, दशक, एकक, दशांश, शतांश, सहस्रांश अशी घरं आखा. एकक आणि दशांश यांच्या मधल्या रेघेवर लाल स्केचपेनने ठसठशीत टिंब द्या. अंक वेगळ्या पट्टीवर लिहा, प्रत्येक अंक घराएवढ्या रुंदीचा: ४, ०, ५. पट्टी घरांखाली धरा. दहाने भागायचं म्हणजे प्रत्येक अंकाची किंमत दहावा भाग होणार, म्हणून अख्खी पट्टी एक घर उजवीकडे. चार एककातून दशांशात, शून्य शतांशात, पाच सहस्रांशात. ०.४०५. मधलं शून्यही पट्टीवरच आहे, ते खोडता येत नाही! ३.६ ला दोन घरं सरकवलं की दशांशाचं घर मोकळं पडतं, तिथे शून्य का येतं ते तिला आपोआप दिसेल: ०.०३६.

रुपये-पैशांवर फार विसंबू नका, ती गाडी शतांशाला थांबते. (१ एप्रिल १९५७ पूर्वी तर रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते, तेव्हा रुपयाचा दहावा भाग काढताना घाम फुटत असणार.) त्यापेक्षा दोनशे पानी वही घ्या. पुठ्ठे सोडून जाडी मोजायला सांगा आणि एका कागदाची जाडी विचारा. दोनशे पानं म्हणजे कागद शंभरच, हे आधी तिलाच शोधू दे.

मूळ प्रश्नकर्ती
सर, खूप आभार. वही ०.८ सेंमी भरली. पहिल्यांदा २०० ने भागायला निघाली, मग पान उलटून स्वतःच हसली. पट्टी दोन घरं सरकवली: ०.००८ सेंमी. "म्हणजे मिलिमीटरही नाही?" म्हणून कागद डोळ्यांपाशी धरून बघत बसली. पट्टीला आता कुणाला हात लावू देत नाही.

एक नवीनच उपटलंय. ७० ÷ १०० चं उत्तर पट्टीवर ०.७० आलं. मागे छापलंय ०.७. शेवटचं शून्य काढलं तरी चालतं म्हटलं, तर माझ्याकडे अशी बघते की विचारू नका. हे कसं समजावू?