डुरांटा-मेहंदीच्या छाटणीचं खत : पावसाळ्यात ढीग आंबतो, श्रेडर अडकतो

कुंपण_कात्री (पुणे) | प्रश्न

बाणेर-बालेवाडी भागात सोसायट्यांच्या हेजची (झुडपांच्या कुंपणाची) छाटणी आणि देखभाल असं काम आहे. डुरांटा, मेहंदी, अकॅलिफा, थोडी बोगनवेल, दोन ठिकाणी कण्हेर. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कात्री चालते आणि मोठ्या सोसायटीतून एका वेळी ३०० ते ४०० किलो ओला माल निघतो. छोटा हत्ती वजनाने भरतच नाही, नुसत्या फुगवट्याने भरतो, त्यामुळे भाडं फार पडतं. एका सोसायटीने मागच्या बाजूला २० बाय १० फूट जागा दिली आहे. तिथे ढीग घातला की आठवड्यात आंबूस वास येतो आणि आत पानांचे काळे चिकट थर बसतात. श्रेडर (छाटणीचा चुरा करायचं मशीन) ३ एचपी, सिंगल फेज; डुरांट्याच्या कोवळ्या शेंड्यांनी सारखा अडकतो.

ढीग का आंबतो? मशीन बदलायचं का? कण्हेर आणि बोगनवेल खतात चालते का? तयार खत विकता येईल का?

काळी_माती

आंबतो कारण हवा नाही. डुरांट्याची कोवळी पानं ओली असताना एकावर एक बसतात, पुठ्ठ्यासारखा थर होतो आणि मध्ये ऑक्सिजन शिरत नाही. त्यात कोवळ्या छाटणीत ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ढिगाला ५० ते ६० टक्के पुरतं. कल्चरच्या (कुजवणाऱ्या जंतूंच्या) बाटल्या ओतून हे सुटत नाही. कोरडा माल घालणं हाच इलाज.

प्रमाण वजनावर धरा: १०० किलो मऊ हिरव्याला २० ते २५ किलो कोरडा पाला. त्याने ओलावा साठीच्या आत येतो आणि कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २५-३० ला १ च्या आसपास बसतं. मूठभर मिश्रण घट्ट पिळून बघा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर अजून कोरडं घाला.

प्रश्न येतो की जुलैत कोरडा पाला आणायचा कुठून. फेब्रुवारी-मार्चमध्ये! पानगळीत याच सोसायट्या पाला उचलून न्या म्हणून मागे लागतात आणि तोच माल आपण पैसे मोजून बाहेर टाकतो. जून ते सप्टेंबर आठ छाटण्या आणि दर वेळी २०० किलो मऊ हिरवं धरलं, तर ३२० ते ४०० किलो पाला लागतो. दाबून भरला तर चाळीसेक गोण्या. छपराखाली, विटांवर रचून ठेवा. खोट्या अशोकाचा आणि सिल्व्हर ओकचा पाला चिवट असतो, तो श्रेडरमधून काढूनच भरा. या वर्षी साठा नसेल तर भाताचं तूस किंवा अस्सल लाकडाचा भुसा चालेल. प्लायवूड-एमडीएफचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

जागेचं गणित: २० फुटांच्या बाजूला ५ बाय ५ चे तीन कप्पे, उंची ४ फूट. उरलेल्या ५ फुटांत गोण्या, आणि कप्प्यांपुढची मोकळी पट्टी उलटापालटीला. तळाशी अर्धा फूट जाड काटक्यांचा थर, मध्ये भोकं पाडलेला ४ इंची पीव्हीसी पाइप उभा. एक मीटरपेक्षा लहान ढीग तापत नाही. १०० किलो मिश्रणाला ५ किलो ताजं शेण पाण्यात कालवून शिंपडा, पण माल आधीच ओला असेल तर शेणकाला घट्टच ठेवा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर ढीग ५५ अंशांच्या पुढे आहे. पहिला महिना आठवड्याला एकदा पलटी. बाहेरचं आत, आतलं बाहेर. एकूण ७५ ते ९० दिवस धरा.

ब्लेड_बोल्ट

मशीन लगेच बदलू नका. तीन गोष्टी तपासा.

ब्लेड बोथट असेल तर ते कापत नाही, चिरडतं, आणि चिरडलेल्या सालीचे दोरे शाफ्टला गुंडाळतात. हे तुमच्या अडकण्याचं पहिलं कारण असणार. फिरत्या आणि स्थिर ब्लेडमधली फट १ मिलिमीटरच्या आसपास हवी. माहितीपत्रक बघून लावा, कारण फट वाढली की कोवळे शेंडे न कापता घसरून जातात. दुसरं, भरण्याचा क्रम. नुसते शेंडे सलग ढकलू नका, दोन मुठी शेंडे आणि एक वाळकी काडी. काडी चुरा बाहेर पडायची जाळी साफ करत जाते. तिसरं, जाळी. पावसाळ्यात बारीक भोकांची काढून मोठ्या भोकांची लावा.

कंपनी जी जाडी सांगते तिच्या निम्मीच खरी धरायची. ३ एचपीत अंगठ्याएवढी फांदी, त्यापुढे मोटर रडते. वायर लांब टाकता का? २५ मीटरच्या आत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची चालेल, पुढे ४ ची घ्या, नाहीतर विजेचा दाब (व्होल्टेज) पडतो आणि भार आला की मोटर बसते. पुढे मशीन घ्यायचंच झालं तर ५ ते ७.५ एचपी थ्री फेज. बहुतेक सोसायट्यांत पंपाच्या खोलीजवळ कनेक्शन मिळतं.

नारळाच्या झावळ्या यात अजिबात नकोत. अडकलेलं काढताना आधी प्लग उपसा, मगच झाकण उघडा. माल लाकडी दांड्याने ढकला. सैल बाही, गळ्यात उपरणं असलं काही चालणार नाही. आणि दुपारी १ ते ४ मशीन लावायचं धाडस पुण्यात करू नये.

रानवट

काळी_माती यांचं प्रमाण पटलं, पण सगळाच माल ढिगाला कशाला? निम्मा जागच्या जागी जिरतो. छाटतानाच दोन ताडपत्र्या अंथरा. पेन्सिलीहून जाड काड्या एकीवर, मऊ शेंडे दुसरीवर. हे वर्गीकरण नंतर करायला बसलं तर मजुरीत जीव जातो. काड्यांचा चुरा त्याच हेजच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाका. १०० फूट लांब, २ फूट रुंद वाफ्यात अडीच इंच थर म्हणजे सुमारे ४२ घनफूट चुरा. खोडापासून तीन-चार इंच आणि इमारतीच्या भिंतीपासून फूटभर मोकळं सोडा, वाळवी लागू नये म्हणून. चुरा मातीत खणून मिसळू नका. मिसळला की तो कुजताना मातीतला नायट्रोजन ओढतो आणि पानं पिवळी पडतात. वरवर राहिला तर हा त्रास नगण्य. मऊ शेंड्यांचं आच्छादन मात्र नको, त्याचा तोच चिकट थर होतो.

कण्हेर विषारी आहे, पण तिचं विष पूर्ण कुजण्याच्या प्रक्रियेत मोडतं. गरम ढिगाच्या पोटात घाला, अर्धवट झालेलं खत भाजीच्या वाफ्यात नको. जाळू तर मुळीच नका, धूरही विषारी. कण्हेर आणि डुरांटा शेळ्यांना कोणी मागितला तरी देऊ नका. बोगनवेलीचे काटे लवकर कुजत नाहीत, पायात जातात. ती श्रेड करून वेगळ्या गोणीत वाळवा आणि कप्प्याच्या तळाच्या थरात वापरा. पिठ्या ढेकूण ही कीड लागलेली जास्वंद असेल तर बंद काळ्या पिशवीत उन्हात तापवून मग ढिगात. लव्हाळ्याच्या गाठी आणि फुलावर आलेलं गाजरगवत बाहेरच ठेवा.

करारपत्र

विक्रीबद्दल. पिशवीत भरून खत म्हणून बाजारात विकायचं तर १९८५ चा खत नियंत्रण आदेश आडवा येतो. शहरी कंपोस्टच्या निकषात ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, ओलावा १५ ते २५ टक्के, कार्बन-नायट्रोजन २० च्या आत. छोट्या धंद्याला तो व्याप परवडत नाही. त्यापेक्षा तेच खत आपल्याच ग्राहकांच्या बागेत घाला आणि कामाचे पैसे घ्या: भुरभुरून देणं, कुंड्या भरणं, वाफा तयार करणं.

करारात तीन ओळी हव्यात. चुरा करण्याचा दर छाटणीपासून वेगळा, तासावर. तयार खतातला किती वाटा सोसायटीचा. आणि दुसऱ्या सोसायटीचा माल या कप्प्यात येणार की नाही. हे तोंडी राहिलं की समिती बदलली की भांडण. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा उघड्यावर टाकायला-जाळायला मनाई केली. त्याच वर्षी हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवला. माळ्यांना हे आधी सांगा, काडी तेच लावतात.

कुंपण_कात्री

ताडपत्र्यांची पद्धत या छाटणीपासूनच लावतो. ढिगावर प्लास्टिक टाकू का? आणि खत चाळल्यावर वर उरतं त्या काड्यांचं काय करायचं?

काळी_माती

प्लास्टिक अंगालगत नको, आत घाम धरतो. चार बांबूंवर पत्रा किंवा ताडपत्री, ढिगापासून दोन फूट वर, बाजू उघड्या. झड येते त्या बाजूला गोणपाट. चाळणी १० मिलिमीटरची पुरे; वर उरलेल्या काड्या नव्या ढिगात मिसळा. त्यांना चिकटलेल्या जंतूंनी ढीग लवकर तापतो आणि शेण निम्म्यावर आणता येतं.