दानपेटी भरते, पण रुग्णाच्या उशाशी कोण बसतं?

सदरची ताई
गेल्या रविवारी उपासना आटोपून एका सरकारी दवाखान्यात गेले होते, आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका बाईंना रक्त द्यायला. व्हरांड्यात गडचिरोलीतल्या एटापल्लीकडचे एक आजोबा चटईवर बसले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रिपोर्ट, एक्स-रे, रेशन कार्ड सगळं कोंबलेलं. नातवाला सिकलसेल हा रक्ताचा आजार, पोरगं दुखण्यानं कण्हत होतं. उपचाराच्या योजनेच्या काउंटरवरून आजोबांना तिसऱ्यांदा परत पाठवलं होतं, कारण कार्डाची झेरॉक्स नव्हती. झेरॉक्सचं दुकान फाटकाबाहेर, दोनशे पावलांवर. पण घरी माडिया बोलणारा माणूस, विचारायलाच घाबरत होता. मी झेरॉक्स काढून दिली, दहा मिनिटांत काम झालं.

घरी येऊन मी रडले. त्याच सकाळी नव्या साउंड सिस्टीमसाठी वर्गणीची घोषणा झाली होती आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

येशूनं सांगितलेली चांगल्या शोमरोनीची, वाटेत जखमी पडलेल्याला उचलणाऱ्या परक्या माणसाची, गोष्ट आपल्या पोरांनाही तोंडपाठ असते. त्यानं उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी. आपण तेवढंच धरून बसलो आणि दानपेटीत नोट टाकून मोकळे झालो. पण पैसे देण्याआधी त्यानं जखमांना तेल लावलं, पट्ट्या बांधल्या, रात्रभर स्वतः जवळ राहिला. निघताना ‘परत येईन’ म्हणाला. हे परत येणं आपल्यातून गेलंय. प्रत्येक मंडळीतून आठवड्याला चार माणसं दवाखान्यात फक्त वाट दाखवायला का उभी राहू नयेत?

वर्धारोडवाला
ताई, तुमच्या मनाबद्दल शंका नाही. पण मी नागपूरच्या दीक्षाभूमीच्या सावलीत वाढलेला माणूस, मला ‘दया’ हा शब्दच टोचतो. त्या आजोबांना दया नको होती, उपचार हा त्यांचा हक्क होता. तुम्ही झेरॉक्स काढून दिली, काउंटरवाला सुटला. उद्या दुसरे आजोबा येतील तेव्हा तुम्ही नसाल. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली, हे 1956 साली इथं मैदानात उभ्या राहिलेल्या लाखो लोकांना कळलं होतं.

आणखी एक. आजारी माणूस नाही म्हणू शकत नाही. त्याच्या उशाशी धर्माचं पुस्तक घेऊन बसणं मला पटत नाही.

चंगाईचा साक्षी
काउन भाऊ, प्रार्थना म्हटली की लगेच फसवणूकच दिसते का? माझी आई अंथरुणावरून उठली ती मंडळीच्या प्रार्थनेनं. डॉक्टरांनी हात टेकले होते. बारा वर्षं रक्तस्रावानं खंगलेल्या बाईनं होतं नव्हतं ते सगळं वैद्यांवर घालवलं, उलट दुखणं वाढलंच, असं शुभवर्तमानात मार्कनं लिहून ठेवलंय. खासगी दवाखान्यांच्या धंतोलीत एक चक्कर मारा, डिपॉझिटसाठी मंगळसूत्र मोडलेल्या बाया आजही भेटतील. त्यांना विश्वासानं उठवणारा येशूच आहे. ताई, तुम्ही झेरॉक्सबद्दल एवढं लिहिलं, पण त्या पोरासाठी गुडघे टेकले का?

रात्रपाळी
मी सिस्टर आहे, ख्रिस्तीच. साक्षीदादा, तुमच्या आईच्या बरं होण्यावर मी बोट ठेवणार नाही. पण चंगाई सभेतून, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरा करायच्या सभेतून, येऊन इन्सुलिन बंद केलेले पेशंट मी पाहिलेत. एकाचा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. ड्रेसिंग करताना ते मला विचारायचे, ‘माझा विश्वास कमी पडला का?’ पाय गेला तो गेला, वर हे ओझं. कुष्ठरोग्याला येशूनं हात लावला, दुरून शब्दही पुरला असता. मी रोज पट्टी बांधते तेव्हा तेच आठवते. पवित्र शास्त्रातला लूक वैद्यच होता, गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे.

सदरची ताई
दादा, हो, मी प्रार्थना केली. पोराच्या डोक्यावर हात ठेवून, मनातल्या मनात. मोठ्यानं केली नाही, कारण वर्धारोडवाल्या भाऊंचं म्हणणं मला मान्य आहे. कोणी विचारल्याशिवाय तिथं धर्म काढायचा नाही.

हक्काबद्दल मात्र थोडं भांडते. हक्क कागदावर होताच की, योजनाही होती. तरी तो माणूस चटईवर बसला होता. हक्क त्याच्यापर्यंत चालत जायला कोणाचे तरी पाय लागतात. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातल्या दुष्काळात स्वतः हिंडल्या आणि निराधार मुलींना आश्रयाला घेऊन आल्या. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, पन्नाशी ओलांडल्यावर. आम्ही त्यांची गाणी गातो आणि पार्किंग वाढवतो. मला हेच सलतंय. देव आणि धन या दोघांची चाकरी होत नाही, हे वाचन आमच्याकडे होतं, मग हिशेबाची सभा होते.

वर्धारोडवाला
पाय लागतात, हे मान्य. मग तुमचे पाय काउंटरपर्यंत जाऊन थांबू नयेत. झेरॉक्स मशीन काउंटरच्या आत हवं, माडिया-गोंडी बोलणारा एक माणूस हवा, असा अर्ज अधीक्षकांकडे द्या. मसुदा मी लिहितो. सह्यांमध्ये तुमच्या मंडळीच्या सह्या दिसू द्या, नुसत्या आमच्या नको.

चंगाईचा साक्षी
सही करीन. इन्सुलिनचं मला माहीत नव्हतं, पाळकांशी बोलतो. पण प्रार्थना सोडणार नाही, हे आधीच सांगतो.

सदरची ताई
सोडू नकाच. रविवारी दीड वाजता फाटकाजवळ या, झेरॉक्सच्या दुकानासमोर. सुट्टे पैसे आणा, तो शंभराची नोट घेत नाही.