पायली म्हणजे किती किलो?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून आमची पायली खाली आली. लोखंडी पत्र्याची, तोंडाला पितळी पट्टी, काठाला एके ठिकाणी पोचा. पणजीच्या संसारातली आहे, म्हणजे घरातली सगळ्यात जुनी वस्तू तीच. भाचीने ती दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, "आत्या, पायली म्हणजे किती किलो?"

या प्रश्नाला एक आकडा सांगून चालत नाही, कारण पायली हे वजन नव्हेच. ती जागा मोजते. त्याच पायलीत ज्वारी भरली तर वजन एक, भुईमुगाच्या शेंगा भरल्या तर कितीतरी कमी. म्हणून जुन्या हिशेबात 'कैली' आणि 'वजनी' असे दोन शब्द वापरत. कैली म्हणजे भांड्याने मापलेलं (मूळ अरबी 'कैल', म्हणजे माप), वजनी म्हणजे तागडीत तोललेलं. मण कैली असे तसा वजनीही असे, त्यामुळे जुन्या कागदात नुसता 'मण' दिसला की कोणता, हे आधी ठरवावं लागतं.

कैली मापांचं कोष्टक आजीला तोंडपाठ होतं. दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पुढे 16 पायल्यांचा मण आणि 20 मणांची खंडी. अधोलीला काही भागांत अडशिरी म्हणतात. पायलीपर्यंत सगळं दुपटीने चढतं, त्यामुळे निरक्षर माणसालाही हिशेब चुकत नसे. 'मापटं' हा शब्द मला फार आवडतो. घराचं घरटं व्हावं तसं मापाचं मापटं झालंय.

पण या शब्दांच्या घराण्यातला माझा खरा जीव 'शीग' या शब्दावर आहे. माप काठापर्यंत भरल्यावर त्यावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो, ती शीग. 'शिगोशीग भरलेलं' आपण आजही म्हणतो, पण काठोकाठ आणि शिगोशीग यांत फरक आहे, आणि तो हल्लीच्या लिखाणात पुसला जातोय. पाणी काठोकाठ भरतं, ते शिगोशीग भरूच शकत नाही. शीग फक्त दाण्यांना येते. तलाव शिगोशीग भरल्याचं वाचलं की मला खटकतं. उसनं दिलेलं धान्य शिगेने दिलं असेल तर परतही शिगेनेच यायचं, आणि हाताने सपाट केलेलं माप आलं की शेजारणी-शेजारणींत अबोला धरला जाई.

भाचीबरोबर एक प्रयोग केला. आमच्याकडचं मापटं म्हणजे पायलीचीच धाकटी प्रतिकृती आहे, उंची निम्मी, तोंडही निम्मं. तांदळाची आठ मापटी सपाट करून ओतली तर पायली काठाला लागली. मग आठही शिगेने ओतली, तर पायलीला तिची शीग आली! आकार सारखा असेल तर शीगसुद्धा त्याच प्रमाणात लहानमोठी होते. शिगेने मापण्यात अंदाजपंचे कारभार असेल असं मी इतकी वर्षं समजत होते.

खळ्यावर रास मापताना आजोबा पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन असं पुढे. मापणाऱ्याला मापारी म्हणत. बाजार समित्यांत 'मापाडी' हा शब्द आजही चालतो.

आता 'माप ओलांडणे'. नवी सून उंबरठ्यावरचं तांदळाचं माप उजव्या पायाने लवंडते आणि मग घरात येते. म्हणजे ओलांडला जातो तो उंबरठा, माप लवंडलं जातं. दोन क्रिया लागोपाठच्या, शब्दही कानाला जवळचे, त्यातून 'माप ओलांडणे' रूढ झालं असावं असं मला वाटतं. चूक म्हणून ते बदलावं असं मात्र मुळीच नाही, कारण आता त्याचा अर्थ सासरी येणं हाच आहे. 'झुकतं माप'ची गोष्ट निराळी. भांडं झुकलं तर धान्य सांडेल. झुकतं ते तागडीचं पारडं. तिथे माप म्हणजे वजन.

गोव्यात भातासाठी 'कुडव' ऐकलं तेव्हा मी चकित झाले होते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे 1150च्या सुमाराला, चार कुडवांचा प्रस्थ, चार प्रस्थांचा आढक, चार आढकांचा द्रोण आणि 16 द्रोणांची खारी अशी मापं दिली आहेत. प्रस्थ, आढक बोलण्यातून गेले, कुडव मात्र शेतात टिकला.

1956चा वजनमापांचा कायदा आला, ऑक्टोबर 1958पासून किलो लागू होऊ लागला, आणि पायली हळूहळू दुकानातून माळ्यावर गेली. लग्नापुरती ती खाली येते, आणि एरवी 'पायलीचे पन्नास' म्हणताना तोंडी येते.

भाचीला शेवटी सांगितलं, पायली म्हणजे आठ मापटी, आणि तिला ते पुरलं. तुमच्या घरी असं माप असेल तर त्यात किती लिटर पाणी मावतं ते मोजून गावाच्या नावासकट लिहा, कारण पायली गावोगाव वेगळी होती. आणि अर्ध्या पायलीला तुमच्याकडे अधोली म्हणतात, अडशिरी म्हणतात की आणखी काही?