मदत हवी आहे: मॉरिस मायनर १०००, वॉटर पंपाखालून पाणी ठिबकतंय

तेलकट_पाना
गाडी मॉरिस मायनर १०००, इंजिन १०९८ सीसीचं ए-सिरीज (या इंजिनांच्या मालिकेचं नाव). थंड असताना सगळं कोरडं असतं. गाडी तापवून बंद केली की दहा मिनिटांत पंपाखाली ठिबकायला लागतं. दोन दिवसांत पाव लिटर पाणी घालावं लागतंय. पंपाच्या बॉडीवर हिरवट-पांढरी खरपुडी जमली आहे. रेडिएटरचं झाकण नुकतंच बदललं, नवीन १५ पौंडी (चौरस इंचाला १५ पौंड दाब धरणारं) आहे. नुसतं पॅकिंग (पंप आणि इंजिनामधला कागदी गॅस्केट) बदलून भागेल का? सील किट घ्यावं की अख्खा पंप? तोपर्यंत गळती बंद करणारी पावडर टाकली तर चालेल का? अवजारं आहेत, पण पंप आजवर उघडलेला नाही.

दट्ट्या
पावडर अजिबात नको. फिरणाऱ्या सीलवर ती टिकत नाही आणि रेडिएटरच्या, हीटरच्या बारीक नळ्यांत मात्र जाऊन बसते.

झाकण आधी बदला. या गाडीचं मूळ झाकण ७ पौंडी आहे. १५ पौंडी लावलंत म्हणजे सगळ्या जुन्या सांध्यांवरचा दाब दुपटीहून जास्त केलात. पंप आधीच अखेरच्या घटका मोजत असेल, झाकणाने फक्त ते उघडकीला आणलं. गाडी बंद केल्यावरच का ठिबकतं याचंही उत्तर इथेच आहे: पंप थांबतो, पाणी फिरत नाही, हेडमधली (इंजिनाच्या वरच्या भागातली) उष्णता पाण्यात उतरत राहते आणि थोडा वेळ दाब उलट वाढतो.

आता नक्की कुठून गळतंय ते शोधा. सगळं धुऊन कोरडं करा, तापवा, बंद करा आणि हातातल्या टॉर्चने बघत बसा. तीन जागा. पंप ब्लॉकला जिथे टेकतो ती कड ओली असेल तर पॅकिंग. पंप आणि हेड यांच्यामधली बोटभर बायपास नळी ओली असेल तर ती नळी. पंपाच्या बॉडीला खालच्या अंगाला एक छोटं भोक असतं, तिथून थेंब पडत असेल तर सील गेलं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, सीलमधून झिरपलेलं पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून. ते बुजवायचं नाही. बुजवलंत तर आठवड्याभरात बेअरिंग ओरडायला लागेल.

मग पट्टा काढून पंख्याची पाती वर-खाली धरून हलवा (पंखा पंपाच्याच दांड्यावर बसतो). टकटक जाणवली तर बेअरिंगही गेलं.

तेलकट_पाना
बघितलं. थेंब त्या भोकातूनच येतोय आणि पंखा अगदी किंचित हलतो. बायपास नळीला बारीक चिरा दिसतात, पण ती कोरडी आहे.

गियरबॉक्स
म्हणजे अख्खा पंप. किटने होतं, पण हब (पुली बसते तो भाग) आणि बेअरिंग प्रेसवर काढावं लागतं, इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) आणि बॉडीतलं अंतर बरोबर ठेवावं लागतं. पहिल्याच पंपावर हा प्रयोग नको.

नवीन पंप जुन्याशेजारी ठेवून मापं घ्या. ए-सिरीजला वेगवेगळे पंप आहेत, वरून सारखेच दिसतात. बायपासचं तोंड आहे का (काहींना नसतं), इंपेलर तेवढाच आहे का, ब्लॉकच्या कडेपासून हबपर्यंतची उंची तीच आहे का, हे बघा. उंची चुकली तर पुली क्रँकच्या पुलीच्या रेषेत येत नाही आणि पट्टा तिरका चालून नवं बेअरिंग खातो.

काढायचा क्रम: इंजिन पूर्ण थंड. रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही रिकामे करा, हीटरसह साडेपाच लिटरच्या आसपास निघेल. घमेल्यात धरा आणि झाकून ठेवा. कूलंट विषारी असतं आणि गोडसर चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात. रेडिएटर काढा. न काढता होईल असं वाटतं, पण हात जात नाही आणि जाळीला पात्यांनी भोक पडतं. डायनॅमो सैल करून पट्टा काढा. डायनॅमोचा पुढचा बोल्ट पंपाच्याच कानात असतो, तोही सोडा. पंखा आणि पुलीचे चार स्क्रू ७/१६ इंची पान्याने. खालची मोठी नळी आणि बायपासची क्लिप सोडा. पंपाचे चार बोल्ट १/२ इंची पान्याने. बोल्टची लांबी एकसारखी नसते. पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढून बोल्ट त्याच जागी खोचून ठेवा.

बोल्ट अडला तर जोर लावू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, मग थोडा घट्ट करून सैल, असं मागे-पुढे करत काढा. ब्लॉकमध्ये बोल्ट तुटला तर अर्ध्या दिवसाच्या कामाचा आठवडा होतो.

दट्ट्या
बायपास नळी कोरडी असली तरी आत्ताच बदला. साधी नळी पंप जागेवर असताना नीट बसत नाही. पंप बसवण्याआधीच ती हेडच्या तोंडावर, दोन्ही क्लिपा ढिल्या घालून, चढवून ठेवा. घड्या असलेली नळी नंतरही दाबून घालता येते, पण मला साधीच जास्त टिकाऊ वाटते. हेडचं तोंड गंजून पातळ झालंय का तेही बघा.

सिलिकॉन_नको
ब्लॉकचं तोंड साफ करताना भोकात चिंधी कोंबा, नाहीतर जुन्या पॅकिंगचे तुकडे आत जातात. ब्लेड आडवं धरून खरवडा, चर पाडू नका. नवं कागदी पॅकिंग, दोन्ही बाजूंना न सुकणाऱ्या सीलंटचा पातळ हात, बस. सिलिकॉनची जाड वळी घातली की तेवढीच आतही दाबली जाते आणि सुटून रेडिएटरच्या नळीत अडकते.

चारही बोल्ट आधी हाताने, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. शेवटी १६ फूट-पौंड, म्हणजे २२ न्यूटन-मीटर. पट्टा लांब बाजूच्या मध्यावर अंगठ्याने दाबला की अर्धा इंच जावा. किंचाळतो म्हणून जास्त ताणला की बेअरिंग जातं. बेअरिंग डुललं की सीलचा कार्बन (सीलचं घासणारं तोंड) एका बाजूने झिजतो. तुमच्या पंपाचं तेच झालं असावं.

गियरबॉक्स
भरताना नुसतं नळाचं पाणी नको. क्षार सीलच्या तोंडावर बसतात आणि ते घासून काढतात. अर्धं डिस्टिल्ड वॉटर, अर्धं जुन्या इंजिनांसाठीचं इथिलीन ग्लायकॉल कूलंट. रंगावर जाऊ नका, डब्यावर वाचा. हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हळूहळू ओता, वरची नळी दाबत राहा म्हणजे हवा निघेल. काठोकाठ भरू नका. या गाडीला जादा पाण्याची टाकी नाही, वरचं पाणी तापल्यावर नळीतून रस्त्यावर पडतं आणि पुन्हा पंप गळतोय असं वाटतं. काठापासून इंचभर खाली ठेवा. एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर क्लिपा परत आवळा.

तेलकट_पाना
पंप आणि ७ पौंडी झाकण मागवलं. एकच शंका: जुन्या पंपावर ग्रीससाठी स्क्रूचा बूच आहे. नव्यावर असला तर ग्रीसगन लावायची?

दट्ट्या
गन नाही. बूच काढून बोटाने थोडं ग्रीस आणि बूच परत. दाबाने भरलं की ग्रीस बेअरिंग ओलांडून कार्बनच्या तोंडावर जातं आणि नवा पंपही त्याच भोकातून गळायला लागतो. नव्याला बूच नसेल तर बेअरिंग बंद प्रकारचं आहे, काहीच घालायचं नाही.