सोसायटीच्या गच्चीवर पॉली, मोनो पर्क की टॉपकॉन?

राजारामपुरीकर:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या राजारामपुरीत १२ फ्लॅटची इमारत. लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे मिळून कॉमन मीटरला महिन्याला ६५०-७०० युनिट पडतात. ६ किलोवॅटच्या आसपास सोलर बसवायचं चाललंय. सोलर सेलच्या तीन प्रकारांची, जुन्याकडून नव्याकडं, तीन कोटेशनं आलीत: पॉली ३३५ वॅटचे १८ पॅनेल, मोनो पर्क ५४५ वॅटचे ११, टॉपकॉन बायफेशियल (दोन्ही बाजूंनी वीज देणारे) ५७५ वॅटचे १०. पॉली सगळ्यात स्वस्त, त्यामुळे सभासदांचा कल तिकडं. टॉपकॉनवाला म्हणतो मागच्या बाजूनं २५ टक्के जादा वीज आणि वर ७८ हजार सबसिडी. गच्चीच्या दक्षिणेला आठ फुटी टाकी, उत्तरेला लिफ्टची खोली. काय घ्यावं?

गच्चीवाला:
पॉलीचा विषय आधी संपवू. पॅनेलच्या वॅटला क्षेत्रफळानं भागा. ३३५ वॅटचं पॅनेल साधारण १.९४ चौरस मीटरचं, चाचणीत चौरस मीटरला १००० वॅट ऊन धरतात, म्हणजे कार्यक्षमता १७ टक्क्यांच्या जरा वर. एएलएमएम या सरकारी मान्य यादीत छतासाठी किमान १९.५ टक्के धरलेत. तेव्हा हा जुना माल स्वस्तात खपवायचा प्रकार दिसतोय. शिवाय १८ पॅनेलना नुसती पाठच ३७५ चौरस फूट लागते, १० टॉपकॉनना २८०. ढाचा आणि मजुरी वाढली की स्वस्ताई तिथंच संपते.

पर्क आणि टॉपकॉनमध्ये फरक आहे, पण विक्रेता सांगतो तेवढा नाही. एप्रिलच्या दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं, म्हणजे चाचणीच्या २५ अंशांपेक्षा ३५ जास्त. पर्क अंशाला ०.३५ टक्के घटतं, म्हणजे १२ टक्के गेले, टॉपकॉन ०.३० टक्के, म्हणजे साडेदहा. वाचले पावणेदोन. मागच्या बाजूचे २५ टक्के विसरा. करड्या कोब्यावर, दीड-दोन फूट उंचीवर दोन-तीन टक्के मिळाले तरी पुष्कळ. गच्चीला पांढरं कोटिंग असेल आणि ढाचा सहा-सात फूट उंच असेल तरच त्याला अर्थ आहे. टॉपकॉन घेतलंच तर दोन्ही बाजूंना काच असलेलं घ्या, ओलाव्याला ते बरं टिकतं. एकेक पॅनेल ३२ किलोच्या आसपास भरतं, तेवढं ध्यानात असू द्या.

७८ हजार ही पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला. सोसायटीच्या कॉमन मीटरला किलोवॅटमागं १८ हजार, म्हणजे ५.७५ किलोवॅटला १,०३,५०० रुपये. त्यासाठी पॅनेल डीसीआर हवं, म्हणजे आतला सेलसुद्धा भारतीय. कोटेशनवर ‘डीसीआर’ लिहून घ्या आणि दोन्ही दर त्याच मालाचे मागा. मग पर्क आणि टॉपकॉनमधला फरक वॅटमागं दोन रुपयांच्या आत आला तर टॉपकॉन, नाहीतर पर्क बिनधास्त.

वायरिंगवाला:
टाकीचं बघा की आधी! डिसेंबरात सकाळी नऊला आठ फुटी टाकीची सावली पंधरा फुटांच्या पुढं जाते. तेवढी जागा सोडा. आणि उत्तरेकडची खोली निरुपद्रवी समजू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत कोल्हापुरात भर दुपारी सूर्य उत्तरेला असतो. सावली तेव्हा आखूड पडते, पण खोलीला चिकटून पॅनेल लावू नका. दहाही पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेल्या साखळीत असतील तर एकावरची सावली सगळ्यांना भोवू शकते.

पॅनेलची डीसी वीज घरातली एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची पाटी वाचा. ५७५ वॅटचं पॅनेल साडेतेरा अँपिअरच्या आसपास देतं. जुन्या मॉडेलची मर्यादा १२.५ असते, भर उन्हात वरची वीज वाया जाते. पॅनेलच्या वायरी जोडणारे एमसी४ कनेक्टर दोन्ही बाजूंना एकाच कंपनीचे लावायला सांगा. वेगवेगळे जुळल्यासारखे वाटतात, पण आत सैल राहून तापतात आणि जळतात. डीसी, एसी आणि वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर) यांची अर्थिंग वेगवेगळी. वळवाच्या पावसात विजा किती पडतात ते सांगायला नको, विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा एसपीडी डीसी आणि एसी दोन्ही बाजूंना हवाच.

गच्चीवाला:
कोन १५ अंश, तोंड दक्षिणेला. ५-७ अंशांवर आडवं टाकलं तर खालच्या फ्रेमला दोन बोटं रुंद मळाचा पट्टा साचतो आणि शेवटची सेलची ओळ झाकते. गळीत हंगामात कारखान्याची काजळी आणि गुऱ्हाळांचा धूर आहेच. पंधरवड्याला सकाळी लवकर साध्या पाण्यानं धुवा. बोअरचं पाणी वाळून पांढरे डाग पडतात, ते नको.

राजारामपुरीकर:
धन्यवाद. गच्चीला वॉटरप्रूफिंग आहे, भोकं पाडायची का? आणि लाईट गेली तर लिफ्ट चालेल?

वायरिंगवाला:
भोकं नकोत. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ढाचा उभा करा, पण वाऱ्याच्या उचलीचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. वारं पॅनेलच्या खालून घुसतं. लिफ्ट चालणार नाही. ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतः बंद होतो, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. लिफ्टला जनरेटर राहू द्या. आणि मंजूर भार बघा: तो ५ किलोवॅटच असेल तर वाढवावा लागेल, नेट मीटरच्या (दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) अर्जाच्या वेळी महावितरणला विचारा. मार्चअखेर शिल्लक युनिटचा हिशेब होतो आणि त्याला दर कमी मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठं बसवू नका. सहा तुम्हाला पुरेसं आहे.